ठराव लिहायच्या आधी गाळ्यातली हवा मोजा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: परळमधली ४२ घरांची सोसायटी. तळमजल्याच्या गाळ्यात जुनी परमिट रूम. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. पत्र लिहिणारे गृहस्थ सोसायटीचे खजिनदार आहेत आणि एका सहकारी बँकेत नोकरी करतात. कोविडच्या टाळेबंदीनंतर ऑक्टोबर २०२०मध्ये बार उघडायला परवानगी मिळाली, तेव्हा त्यांनी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं होतं, 'गल्ल्यासाठी माणसं मारायला निघालेत.' वॉर्ड ऑफिसला तक्रारही केली. त्यांची मुलगी तेव्हा आठवीत होती. तिची शाळा बंद आणि खाली बार चालू, हे त्यांना सहन होत नव्हतं. पुढे १८ एप्रिल २०२१ला त्यांच्या वडिलांना ताप आला आणि महिनाअखेरीस ते गेले. तेव्हापासून अण्णांशी बोलणं बंद आहे. आता सर्वसाधारण सभेसाठी कमिटीने त्यांना ठराव लिहायला सांगितलाय: 'भविष्यात कोणतीही साथ आल्यास सोसायटीच्या सूचनेनुसार तळमजल्यावरील परमिट रूम बंद ठेवण्यात येईल.' मुलगी म्हणते, 'बाबा, हा ठराव नाही, सूड आहे.' त्यांचा प्रश्न: 'मी तेव्हा चुकलो होतो का? आणि ठराव लिहू की नको?'

नमस्कार.

मुलीचं वाक्य तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंत आणि त्यावर स्वतः काहीच म्हटलं नाहीत. ते तुम्हाला लागलंय, हे त्यावरून कळतं. तिच्या म्हणण्याकडे मी येईन, पण आधी तुमच्या रागाची बाजू मांडतो, कारण तो राग निराधार नव्हता.

महाराष्ट्रात हॉटेलं आणि बार निम्म्या क्षमतेने उघडले ५ ऑक्टोबर २०२० रोजी. मुंबईतली आठवी ते बारावीची मुलं वर्गात परत गेली ४ ऑक्टोबर २०२१ रोजी. जवळजवळ पूर्ण एक वर्ष. आठवीतल्या मुलीच्या बापाने यावर चिडू नये, असं कोण म्हणेल? पण त्या वर्षीचं जाहीर भांडण शाळांवरून फारसं झालंच नाही, ते झालं देवळांवरून. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी १२ ऑक्टोबर २०२०ला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना पत्र लिहिलं, त्यात बार उघडले आणि देवळं मात्र बंद, हा मुद्दा होता. मग घराघरांत तोच सामना सुरू झाला. देवळं १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला उघडली. तोवर लोकांच्या मनात बारवाला आणि भाविक असे दोन तट पडून गेले होते. तुमच्या ग्रुपवरही तेच झालं असणार. मधल्या मधे दोन गोष्टी कुणी विचारल्याच नाहीत: बंद ठेवायचं तर बंदीचा खर्च कोण सोसणार, आणि उघडायचं तर आतली हवा कशी आहे?

'उघडं की बंद' या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर असतं, म्हणून त्यावर भांडायला सोपं जातं. हवेच्या प्रश्नाला आकड्यात उत्तर द्यावं लागतं.

तुमची शंका चुकीची नव्हती हेही सांगतो. जानेवारी २०२०मध्ये चीनच्या ग्वांगजो शहरात एका रेस्टॉरंटमध्ये शेजारशेजारच्या तीन टेबलांवरच्या तीन कुटुंबांतले १० जण बाधित निघाले. टेबलांमध्ये साधारण मीटरभर अंतर होतं. नंतरच्या तपासणीत दिसलं की आत खिडकी नव्हती, एक्झॉस्ट बंद होते, आणि बाहेरची ताजी हवा माणशी सेकंदाला जेमतेम एक लिटर मिळत होती. एसी तीच हवा त्या तीन टेबलांवरून फिरवत राहिला. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने सप्टेंबर २०२०मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीतही बाधितांपैकी हॉटेलात जेवून आल्याचं सांगणाऱ्यांचं प्रमाण बाधित नसलेल्यांच्या जवळपास दुप्पट होतं. (त्या पाहणीत आत बसून जेवले की बाहेर, हे वेगळं विचारलेलं नव्हतं.) तेव्हा कोंदट जागेत मास्क काढून, मोठ्याने बोलत दोन तास बसणं धोक्याचं होतं, हे खरंच.

पण तुमच्या वाक्यात हवेबद्दल काहीच नव्हतं. ते अण्णांच्या हेतूबद्दल होतं.

आता वडिलांबद्दल. इथे जपून लिहितो, आणि तुम्हीही सावकाश वाचा.

बार उघडल्यामुळे वडील गेले, असं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही. पण तारखा ज्या क्रमाने दिल्यात त्यावरून तुम्ही तसंच धरून चालला आहात असं दिसतं. त्या तारखा पुन्हा लावून पाहू. बार ऑक्टोबरमध्ये उघडले. त्यानंतर मुंबईतले रोजचे रुग्ण वाढले नाहीत, कमी होत गेले. जानेवारी २०२१मध्ये काही दिवस ते पाचशेच्याही खाली होते. फेब्रुवारीनंतर दुसरी लाट चढली आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आकडा दिवसाला ११ हजारांवर गेला. ५ एप्रिलच्या रात्री ८ वाजल्यापासून 'ब्रेक द चेन'च्या आदेशाने बारमध्ये बसणं बंद झालं, राहिलं फक्त पार्सल. वडिलांना ताप आला १८ एप्रिलला, म्हणजे १३ दिवसांनी. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला साधारण चार-पाच दिवस लागतात. चौदा दिवसांपर्यंत जाणारे फार थोडे. म्हणून खालच्या टेबलांवरून तो आजार वर आला असण्याची शक्यता अगदी कमी आहे. शून्य म्हणत नाही. पार्सल चालू होतं, जिना एकच आहे, लिफ्ट एकच आहे.

आणि तुम्ही बँकेत. बँका अत्यावश्यक सेवेत होत्या, म्हणजे त्या एप्रिलमध्येही तुम्ही रोज कामावर जात असणार. पत्रात हे तुम्ही परिचयाच्या ओळीत सांगितलंत आणि पुन्हा त्या विषयाकडे आला नाहीत. बारकडे बोट दाखवलं की दुसरा एक प्रश्न विचारावा लागत नाही. तो तुम्हाला रात्री पडत असेल, तर त्याचं उत्तर असं आहे: कुणालाही, कधीही ते कळणार नाही. त्या महिन्यात भाजीवाला, दवाखाना, लसीकरणाची रांग, लिफ्टचं बटण, शेजारी, तुम्ही, यांतलं काहीही असू शकतं. तुम्ही काउंटरवर बसलात म्हणून लोकांना पेन्शनचे पैसे मिळाले. तो गुन्हा नव्हता. अण्णांनी परवानगी मिळाल्यावर शटर वर केलं, तोही नव्हता. बापाच्या जाण्याला आरोपी असलाच पाहिजे असं नाही, आणि तो तुम्ही स्वतः असलं पाहिजे असं तर मुळीच नाही. हे एकट्याने पेलवत नसेल तर समुपदेशकाकडे जा. पाच वर्षं झाली, आता काय जायचं, असं म्हणू नका. दुःखाला मुदत नसते आणि मदत मागायलाही नसते.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: धोका ओळखण्यात तुम्ही चुकला नव्हता. शाळेचा राग खरा होता. तक्रार करणं हाही तुमचा हक्क होता. चुकलं ते 'माणसं मारायला निघालेत' हे वाक्य. बंदीचा भार गाळ्यात कसा पडतो ते थोडं पाहा. बिअरची बाटली साधारण सहा महिन्यांत बाद होते. मार्चमध्ये भरलेला माल ऑक्टोबरपर्यंत फेकायच्या लायकीचा झालेला असतो. भाडं, वीजबिलातला स्थिर आकार, सोसायटीचा मेंटेनन्स हे शटर बंद असलं तरी चालूच राहतं. वेटरचा पगार लहान आणि टिप मोठी, त्यामुळे बार बंद झाला की त्याच्या हातचे अर्ध्याहून जास्त पैसे जाऊ शकतात. आणि बार उघडले तरी सर्वसामान्यांना लोकल खुली झाली ती १ फेब्रुवारी २०२१ला, तीही ठरावीक वेळांत. तोवर नालासोपाऱ्याचा वेटर कामावर येणार कसा? कित्येक जण गाळ्यातच झोपले, म्हणजे जिथे दिवसभर हवा कोंडलेली तिथेच रात्रही. उघडण्याची परवानगी देताना याचा विचार झाला नाही, आणि विरोध करणाऱ्यांनीही केला नाही.

आता ठराव.

आहे त्या शब्दांत तो लिहू नका. कायद्याचं कारण थोडक्यात: परमिट रूमचं लायसन्स राज्य उत्पादन शुल्क विभागाचं असतं, आणि साथीत बंदी घालण्याचा अधिकार आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ आणि साथरोग कायदा १८९७ यांखाली सरकारकडे आणि महापालिका आयुक्तांकडे जातो. सर्वसाधारण सभेला तो अधिकार नाही. अण्णा सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे गेले तर हा कागद टिकणार नाही, आणि सोसायटी वकिलाचे पैसे भरत बसेल.

त्याहून मोठी अडचण शब्दांची आहे. 'कोणतीही साथ' म्हणजे कोणती? परळमध्ये दर पावसाळ्यात डेंग्यू येतो, लेप्टो येतो. डेंग्यू डासाने होतो, लेप्टो साचलेल्या पाण्यातून. बार बंद करून त्यांचं काय होणार? कुंड्यांखालच्या थाळ्या आणि गच्चीवरची टाकी आधी पाहायला हवी. 'सोसायटीच्या सूचनेनुसार' म्हणजे कुणाच्या? अध्यक्षांच्या, की ग्रुपवर रात्री अकराला जो सर्वांत जास्त चिडलेला असेल त्याच्या? घरकामाला येणाऱ्या बायकांना २०२०मध्ये गेटवर अडवणाऱ्या सोसायट्या आठवा. असल्याच मोघम शब्दांनी ते झालं होतं.

अर्धवट बंदीचंही भान ठेवा. ४ मे २०२०ला दारूची दुकानं उघडली, आणि दोन दिवसांत मुंबई महापालिकेला ती पुन्हा बंद करावी लागली, इतकी रांगांत गर्दी झाली. वेळ कमी केली की माणसं कमी होत नाहीत, तीच माणसं थोड्या वेळात कोंबली जातात. 'रात्री आठला बंद करा' हे ऐकायला कडक वाटतं, पण सहा ते आठ गाळा ठासून भरतो.

ठरावाऐवजी अण्णांबरोबर दोन पानांचं लेखी समजपत्र करा आणि सभेत ते नुसतं नोंदवून घ्या. त्यात काय असावं हे सविस्तर सांगतो, कारण खाली बार, हॉटेल, जिम किंवा क्लास असलेल्या कुठल्याही सोसायटीला ते लागू पडेल.

मूळ गोष्ट अशी की स्प्लिट एसी बाहेरची हवा अजिबात आत आणत नाही. तो तीच हवा थंड करून परत फेकतो. समजा गाळा ६०० चौरस फूट, उंची १० फूट, म्हणजे आत साधारण १७० घनमीटर हवा. 'निम्मी क्षमता' पाळून २० गिऱ्हाईक आणि ५ कर्मचारी बसले. बसलेला माणूस मिनिटाला सुमारे ०.३ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. दारं-खिडक्या पूर्ण बंद असतील तर तासाभरात त्याचं प्रमाण बाहेरच्या ४२० पीपीएमवरून (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) तीन हजारांच्या आसपास जातं. दार मधूनमधून उघडतं म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी. हा वायू स्वतः आजार देत नाही. दुसऱ्यांनी सोडलेला किती श्वास आपण पुन्हा घेतोय, ते तो दाखवतो. २०२०च्या नियमांत सॅनिटायझर होतं, तापाची बंदूक होती, टेबलांमधलं अंतर होतं. हवा मात्र कुणी मोजली नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१मध्ये अशा जागांसाठी माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा सुचवली. २५ माणसांना २५० लिटर, म्हणजे तासाला ९०० घनमीटर. गाळ्यातली सगळी हवा तासातून पाचेक वेळा बदलायला हवी. बारा इंची व्यावसायिक एक्झॉस्टच्या लेबलवर हजाराच्या वरचा आकडा असतो, पण तो मोकळ्या हवेतला. जाळी, पाइपाची वळणं आणि पात्यांवरचं तेलकट मेण धरलं तर निम्मं मिळालं तरी खूप. म्हणून दोन पंखे, आणि महिन्यातून एकदा पाती सोड्याच्या पाण्याने साफ.

इथे हमखास चूक होते ती अशी: पंखा लावतात आणि हवा आत यायला वाट ठेवत नाहीत. मग पंखा संडासाच्या जाळीतून, जिन्याकडच्या दाराच्या फटीतून हवा ओढतो, आणि आवाज खूप पण काम काहीच नाही अशी गत होते. रस्त्याकडच्या बाजूला जाळी, आणि एक्झॉस्ट समोरच्या टोकाला, अशी रचना हवी. दुसरी चूक तुमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. गाळ्याची मागची बाजू इमारतीच्या डक्टमध्ये उघडत असेल, जिथे वरच्या घरांच्या मोऱ्या आणि स्वयंपाकघरांच्या खिडक्या असतात, तर एक्झॉस्ट तिथे सोडायचा नाही. बारची हवा थेट चौथ्या मजल्यावरच्या आजींच्या ओट्यावर जाईल. पाइप गच्चीच्या वर न्या, नाहीतर रस्त्याच्या बाजूला काढा. या पाइपाला सोसायटीची परवानगी लागते, म्हणजे इथे तुमच्या हातात द्यायला काहीतरी आहे. ती परवानगी द्या.

मग कार्बन डायऑक्साइड मोजणारा एक मीटर. एनडीआयआर पद्धतीचाच, म्हणजे इन्फ्रारेड किरणांनी तो वायू थेट मोजणारा घ्यायचा. स्वस्तातले काही मीटर हवेतल्या इतर वाफांवरून अंदाज बांधतात. बारमध्ये ते दारूच्या आणि सॅनिटायझरच्या वाफेलाच कार्बन डायऑक्साइड समजून दोन हजार दाखवतील, आणि नवीन भांडण सुरू होईल. मीटर बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर, साडेतीन-चार फुटांवर, कुणाच्याही तोंडापासून पाच फूट लांब, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीपासून दूर. गॅसच्या ज्योतीतूनही तोच वायू येतो. मीटरचं वाचन घ्यायचं रात्री नऊला, गर्दी असताना. हजाराच्या आत असेल तर ठीक. हजाराच्या वर गेलं तर दार उघडायचं आणि दोन्ही पंखे लावायचे. दीड हजाराच्या वर गेलं तर वीस मिनिटं नवीन गिऱ्हाईक नाही. जुलैत बाहेरची दमट हवा आत घेतली की एसीवर ताण येतो, बिल वाढतं, आणि मॅनेजर हळूच पंखा बंद करतो. म्हणून पावसाळ्यातलं वाचन चुकवू नका. मीटरच्या आकड्याचा फोटो जाईल अण्णांना आणि कमिटीतल्या एकाला. ग्रुपवर टाकायचा नाही.

गाणी हळू. आवाज मोठा असला की माणूस ओरडून बोलतो, आणि ओरडताना तोंडावाटे कितीतरी जास्त कण बाहेर पडतात. याला एक रुपया लागत नाही.

अण्णांना सोसायटीच्या मोकळ्या जागेत टेबलं टाकू द्या असं कुणीतरी सुचवेल. नको. ती जागा अग्निशमनाच्या गाडीसाठी मोकळी राहायला हवी, आणि लायसन्सच्या नकाशाबाहेर दारू देता येत नाही.

यापेक्षाही मोलाचं कलम तापाचं आहे. वेटर ताप लपवतो, कारण खाडा म्हणजे पैसे कापले. हे जोवर आहे तोवर दारातली तापाची बंदूक फुकट. गोळी घेऊन आला की ताप दिसत नाही. श्वासाच्या आजाराची साथ सरकारने जाहीर केलेली असेल त्या काळात, ताप-खोकला आलेल्या माणसाला सात दिवस भरपगारी सुट्टी, आणि टिपच्या डब्यातला त्याचा वाटा चालू. याच्या बदल्यात सोसायटीने काय द्यायचं? सरकारी आदेशाने बार बंद राहिला तर तेवढ्या महिन्यांच्या थकलेल्या मेंटेनन्सवर व्याज लावायचं नाही. उपविधींप्रमाणे ते लावता येतं. साथीतल्या माणसावर ते लावणं शोभत नाही. खजिनदार म्हणून ही सूचना तुम्ही मांडलीत तर तिला वजन येईल.

आता बोलण्याचं. समजपत्राचा मसुदा हातात घेऊन जाऊ नका. आधी नुसते जा, रिकाम्या हाताने, सकाळी अकराच्या सुमारास, खुर्च्या टेबलांवर उलट्या असतात आणि गिऱ्हाईक नसतं तेव्हा. बोलायचं एवढंच: 'अण्णा, माझा विरोध होता, आणि त्याची कारणं होती. पण माणसं मारायला निघालात असं मी लिहिलं, ते चुकीचं होतं.' 'तुम्हाला वाईट वाटलं असेल तर' असं त्याला जोडू नका. त्या 'तर'ने माफीचं ओझं पुन्हा त्यांच्याच डोक्यावर जातं. वडिलांचा विषय तुम्ही काढू नका. त्यांनी काढला तर थांबा आणि ऐका, कारण त्यांना काय वाटत होतं हे तुम्हाला पाच वर्षांत कुणी सांगितलेलं नाही. ते कदाचित चहा मागवतील, कदाचित तोंडही फिरवतील. दोन्ही गोष्टी त्यांच्या हक्काच्या आहेत.

आरोप ग्रुपवर होता, म्हणून शब्द मागे घेतल्याच्या दोन ओळी ग्रुपवरही जायला हव्यात, पण भेटीनंतर, आणि त्यांना विचारून.

मुलीला ठरावाचा कागद परत दाखवू नका. समजपत्राचा पहिला खर्डा दाखवा आणि तापाच्या कलमावर तिचं मत घ्या.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी आणि तिची नोटीस पूर्ण चौदा दिवस आधी, विषयपत्रिकेसह जायला हवी. नोटिशीत एकदा 'परमिट रूम बंद ठेवणेबाबत' असा विषय छापला गेला की अण्णा वकील गाठतील, आणि मग अकरा वाजता जाण्यात अर्थ उरणार नाही. सचिवांना आजच सांगा की तो विषय सध्या घेऊ नका, आणि या आठवड्यातली एक सकाळ धरा.